लॉकरमामा आणि सोन्याची गोणी

लॉकरमामांना नाही म्हणता येत नसे. "जरा ठेवता का?" असं कोणी म्हणायचा अवकाश, मामांचा हात पुढे झालेला असायचा. खर्ड्यात त्यांची पिठाची गिरणी होती आणि तिला लागून माझं शिवणाचं दुकान. बाजाराला आलेली माणसं दळणाच्या डब्यांबरोबर हेल्मेटं, छत्र्या, लग्नपत्रिकांचे गठ्ठे मामांकडे टाकून गावभर हिंडायची. म्हणून हे नाव पडलं. एकदा एकाने दुपारपुरती शेळी ठेवली. तिने दोन घरांची बाजरी फस्त केली. मामांनी आपल्या घरची बाजरी दळून ते डबे भरले आणि शेळीच्या मालकाला एवढंच म्हणाले, "हिला आज रातच्याला जेवायला घालू नका."

ठेवलेल्या पिशवीत डोकावायचं नाही, हा त्यांचा बाणा. एकदा एका पिशवीत गजराचं घड्याळ दर थोड्या वेळाने वाजत होतं. गिऱ्हाइकं वैतागली. मी म्हणाले, "मामा, बंद करा की ते."

"दुसऱ्याचं हाय पोरी. त्याला कशासाठी तरी उठायचं आसंल."

अशा माणसाकडे सोन्याने गोणी ठेवली. सोन्या गावातलाच, मोबाईल दुरुस्त करणारा, बापाविना वाढलेला. आई रोजाने शेतात जायची. "मामा, मसाल्याचा माल हाय, दोन दिसांत नेतो," म्हणाला. गोणी मिरच्यांच्या पोत्यांमागे गेली आणि दोन दिवसांचा पंधरवडा झाला.

पोलीस आले तेव्हा मामा मिरची दळत होते. साहेब आत शिरले ते शिंकतच. त्यांच्यामागून शिपाई शिंकले, मग पंच म्हणून बोलावलेले दोघं शिंकले. गोणी उघडली तर आत गांजा. वजन, पंचनामा, सगळं शिंकत शिंकतच उरकलं.

"गोणी कोणाची?" साहेबांनी नाक पुसत विचारलं.

"सोन्याची," मामा म्हणाले. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. सोन्याच होता. साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि आम्ही आलोय ते न सांगता बोलत राहा अशी काहीतरी खूण केली. मामांना ती कळली नाही.

"मामा, गोणी हाय ना?"

"हाय, पन पोलीस घिऊन चाललेत. लवकर ये, म्हंजी तुला त्येंच्याशी बोलता यील."

सोन्या काही आला नाही. पुढे तो करमाळ्याच्या स्टँडवर सापडला.

खटला नगरच्या कोर्टात चालला. मामा जामिनावर होते. वकिलांनी त्यांच्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं होतं, 'गोणीत काय आहे ते मला माहीत नव्हतं.' एसटीत माझ्या शेजारी बसून मामा ते पुटपुटत होते. न्यायाधीशांनी नेमकं तेच विचारलं.

"पयल्या दिशी म्हाईत न्हवतं," मामा म्हणाले. "दुसऱ्या दिशी वास आला."

वकिलांनी डोळे मिटले.

"मग काय केलंत?"

"त्वांड घट्ट बांधलं, साहेब. पिठाला वास लागला आसता."

गुन्हा शाबीत झाला. शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय का. मामा हात जोडून म्हणाले, "गिरनीत लोकांचे डबे हायेत. तेवढे पोचवून येतो, मग बसतो आत." पट्टेवाला तोंड फिरवून हसला. न्यायाधीश हसले नाहीत. माल दुसऱ्याचा असला तरी जाणूनबुजून जवळ ठेवला की तो गुन्हाच, असं त्यांनी समजावून सांगितलं. वास आला त्याच दिवशी पोलिसांकडे गेला असतात तर आज इथे उभे नसता, असंही म्हणाले. वय झालेलं, आधीचा गुन्हा नाही, आणि विचारलं ते खरं सांगितलं, म्हणून सहा महिने.

स्वतःची शिक्षा ऐकताना मामा समजूतदारपणे मान हलवत होते. मग सोन्याची चार वर्षं ऐकली आणि मटकन खाली बसले. "त्येची आई एकलीच हाय," एवढंच म्हणाले.

डबे मी पोचवले. कोणाचा कोणता हे फक्त मामांनाच ठाऊक, त्यामुळे आमच्या आळीत आठवडाभर एकमेकांचं पीठ खाल्लं गेलं.

सुटून आल्यावर मामांनी नवा नियम काढला. ठेवणाऱ्याने पिशवी चारचौघांत उघडून दाखवायची. पहिल्याच बाजारी मुख्याध्यापकांच्या पिशवीतून केसांचा कलप निघाला. मग एका पुढाऱ्याच्या पिशवीतून वजन उतरवायची पावडर निघाली, आणि तिच्याखाली जिलबी. मामा दोघांनाही गंभीरपणे म्हणाले, "बरं हाय, ठिवा." महिन्याभरात गावाला आपापली ओझी स्वतः वाहायची सवय लागली. मामा रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसायचे.

मग एक दिवस सोन्याची आई बाजरीचा डबा घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मामांनी डबा तिच्या हातातून घेतला, रांग सोडून आधी तिचं दळलं आणि विचारलं, "पोराला भेटाया जाती का न्हाई?" तिला एसटीच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. तेव्हापासून मामा तिला तुरुंगात भेटीला घेऊन जायचे. एकदा मीही गेले होते.

सोन्या मान वर करेना. शेवटी म्हणाला, "मामा, तुमी माजं नाव सांगितलं."

"व्हय. गोनी तुजीच हुती ना?"

सोन्याला हसू फुटलं. आईने पदर तोंडाला लावला.

मामा म्हणाले, "वास आला त्या दिशी तुजा कान धरायचा ऱ्हायला. त्येचे सा म्हैने मी भरले. तुजे तू भर, आन नीट घरी ये."

पिठाने मामांचा दमा वाढला, तेव्हा मुलगी त्यांना सोनईला घेऊन गेली. गेल्या हिवाळ्यात ते तिथेच गेले. आम्ही खर्ड्याहून टेम्पो करून पोचलो. सोन्याची आई सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडत होती, मामांच्या मुलीपेक्षाही. सोनईच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने हळूच मला विचारलं, "ह्या कोण त्यांच्या?"

मला आठवलं, हिचा मुलगा त्यांना मामा म्हणायचा.

"बहीण," मी म्हणाले.