बायका मोजण्याची नोकरी

असे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या फॉर्मच्या शेवटी 'शेरा' नावाची एक चौकट होती, जेमतेम दोन ओळींची. तिच्यात जे मावायचं नाही ते परतीच्या वाटेवर गाडीत बोललं जायचं, मग ऑफिसात चहावर, मग कुणाच्या तरी लग्नात जेवणाच्या पंगतीत. सुरुवातीला मी हे किस्से लोकांना हसवायला सांगायचो. लोक हसायचेही. पुढं पुढं माझं मलाच सांगताना अवघड व्हायला लागलं. कारण गाव बदलायचं, बाई बदलायची, पण किश्शात फॉर्म घेऊन बसलेला माणूस तोच असायचा.

तर नोकरी अशी. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस. सातारा-सांगलीतल्या गावांत जायचं, आणि तिथल्या पाण्याचे, जंगलाचे, नदीनाल्याचे निर्णय ज्या समित्या घेतात त्यांत बायका किती, पदावर किती, बैठकीला येतात किती, बोलतात किती, ते मोजायचं. टीम तिघांची. मी, शबाना आणि ड्रायव्हर तानाजीअण्णा. अण्णा लष्करातनं रिटायर झालेले. शबाना मिरजेची, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेली, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. टीम लीडर मी होतो. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

*

पहिलंच गाव उंब्रजच्या अलीकडचं. तिथली जैवविविधता समिती, म्हणजे गावातली झाडं, पाखरं, वनस्पती यांची नोंद ठेवणारी आणि त्याबद्दल ठरवणारी समिती. अध्यक्ष म्हणून कागदावर सुनंदाताईंचं नाव. आम्ही खूश. पहिल्याच गावात महिला अध्यक्ष!

घरी गेलो तर एक मिशीवाले गृहस्थ पुढं आले. "या, बसा. विचारा काय विचारायचंय."

"अध्यक्षांना भेटायचं होतं."

"मीच की."

"नाव तर सुनंदा आहे."

"व्हय. नाव तिचं हाय. बाकीचं समदं मी बघतो."

त्यांनी तासभर चांगली माहिती दिली. मी लिहून घेतली. मधे चहा आला. चहा आणणाऱ्या बाई दाराशी थांबल्या होत्या, त्यांना मी म्हणालो, "मावशी, माझ्यात साखर कमी घाला. शुगर आहे." त्या कप परत घेऊन गेल्या आणि दुसरा घेऊन आल्या.

आमच्या नियमात मोजणी नावावरून करायची होती. मी 'महिला अध्यक्ष: होय' यावर टिक केली आणि निघालो.

गाडीत बसल्यावर शबाना म्हणाली, "सर, त्यांना एक प्रश्न तरी विचारायला हवा होता."

"कुणाला?"

"अध्यक्षांना. तुमचा चहा बदलून आणला ना, त्या."

*

महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या जंगलाची राखण गावाची समिती करते. गवत कधी कापायचं, कुठला भाग गुरांना बंद ठेवायचा, हे समिती ठरवते. सेक्रेटरीनं हजेरीचं रजिस्टर समोर ठेवलं. प्रत्येक बैठकीला सगळ्या महिला सदस्य हजर, प्रत्येकीच्या नावापुढं निळा अंगठा. एवढं स्वच्छ रजिस्टर मी पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथं 'उपस्थिती उत्तम' असं लिहून टाकलं.

शबाना म्हणाली, आपण एकदा सदस्यांनाही भेटू. सेक्रेटरी म्हणाला, पाऊस लय हाय, कशाला तरास. पण ती छत्री घेऊन निघालीच, म्हणून मलाही निघावं लागलं.

पहिल्याच घरी साठीच्या एक आजी. शेगडीजवळ हात शेकत बसल्या होत्या. शबानानं रजिस्टर दाखवलं. आजींनी चष्मा लावला.

"ह्यो अंगठा कुणाचा?"

"तुमचा ना?"

"आवं, मी सातवी शिकल्याली हाय. सही करती. अंगठा कशापायी देऊ?"

सेक्रेटरी आमच्या मागनंच आला होता. तो म्हणाला, "काकी, तुमा बायकांचा येळ मोडू नये म्हणून मीच अंगठं उठवलं. त्यात काय एवढं?"

आजींनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि एकेक पान उलटत, जिथं जिथं त्यांचं नाव होतं तिथं अंगठ्याशेजारी लिहायला लागल्या. फार सुंदर अक्षर. आम्ही तिघं वाकून बघत होतो. प्रत्येक वेळी एकच मजकूर होता: 'बोलावले नव्हते.'

*

जत तालुक्यात, पार कर्नाटकच्या सीमेवरच्या एका गावात पाणलोट समितीची बैठक होती. ओढ्यावर नवा बंधारा कुठं घालायचा, हा विषय. पुढं खुर्च्यांवर पुरुष, मागं सतरंजीवर बायका. माझं काम फक्त बघायचं आणि नोंदवायचं. पुरुष दीड तास मराठीत भांडले. बायका आपसात कानडीत हळूहळू काहीतरी बोलत होत्या. मी लिहिलं, 'महिला चर्चेत सहभागी नाहीत. आपसात गप्पा.'

शेवटी एक म्हातारे सदस्य उठले, मागं जाऊन बायकांपाशी बसले, परत आले आणि म्हणाले, "वरच्या वळणाला घालू. खाली गाळ भरतोय." कुणी वाद घातला नाही. बैठक संपली.

परत येताना मी गाडीत म्हणालो, "या भागात बायका अजून फार मागं आहेत. बंधाऱ्याचं चाललंय आणि यांच्या घरगुती गप्पा."

तानाजीअण्णांची लष्करातली बरीच वर्षं बेळगावात गेली होती. ते बैठकीत दाराशी उभे होते. गाडी थोडी हळू करून म्हणाले, "साहेब, त्या बायकाच ठरवत हुत्या बंधारा कुठं घालायचा त्ये. कुठल्या जागी किती गाळ येतोय, कुणाची हीर आटती, समदं बोलल्या. आपल्याला कानडी येतं म्हणून कळलं."

"मग तिथंच सांगायचं ना अण्णा."

"तुमी लिवत हुता."

*

आता हा आमच्याच ऑफिसातला. ज्यांच्या मदतीवर हे काम चाललं होतं त्यांनी एक पत्र पाठवलं. तुम्ही दुसऱ्यांचं मोजता, तर तुमच्या संस्थेत निर्णयाच्या जागांवर बायका किती तेही कळवा. आमचे साहेब, म्हणजे संस्थेचे संचालक, यांनी पत्रासोबतचा फॉर्म माझ्याकडं दिला.

भरायला बसलो. संचालक पुरुष. अध्यक्ष पुरुष. सचिव, खजिनदार पुरुष. सल्लागार सगळे पुरुष. विश्वस्तांच्या यादीत मात्र एका बाईंचं नाव सापडलं आणि मला हायसं वाटलं. नाव आणि आडनाव ओळखीचं होतं. साहेबांच्या आई.

केबिनमध्ये गेलो. "सर, या मॅडम तर..."

"हो. चार वर्षं झाली जाऊन."

"मग कमी करू?"

साहेब म्हणाले, "कागदोपत्री अजून आहे ना नाव? असू दे."

मी 'महिला विश्वस्त: एक' असं भरलं. बाहेर शबाना कॉम्प्युटरवर बसली होती, तिनं माझ्या हातातला फॉर्म वाचला आणि विचारलं, "खाली एक प्रश्न आहे सर. त्या बैठकीत बोलतात का?"

तिथं मी काय भरलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

*

कृष्णाकाठचं एक गाव. दरवर्षी पुराची धास्ती. पाणी वाढलं की माणसं कुठं न्यायची हे ठरवायला गावच्या समितीची बैठक बसली होती. ठरत आलं होतं की हायस्कूलमध्ये न्यायची. इमारत पक्की, दुमजली. मागच्या बाकावरनं रुक्मिणीकाकी उठल्या. समितीत महिला म्हणून घेतलेल्या दोघींपैकी एक.

"आवं, नदीच्या आदी पाणी वढ्यानं आत येतंय. शाळंकडं जायाचा रस्ताच पयला बुडतोय. माणसं जाणार कशी? दर्ग्याच्या टेकावर न्या. तिथं कवाच पाणी चढत न्हाई. तिथं आदीच ताडपत्र्या, पाणी, चुलीची सोय करून ठेवा."

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "काकी, नकाशा इंजिनियरनं केलाय." आणि पुढचा विषय घेतला.

माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, 'महिला सदस्य बोलल्या का?' मी 'होय' केलं. त्याखाली होतं, 'किती वेळ?' तिथं लिहिलं, 'अंदाजे दोन मिनिटे'. त्या महिन्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर होतं ते. साहेबांनी अहवालात त्या गावाला चौकट करून छापलं.

त्याच पावसाळ्यात पाणी आलं. ओढ्यानं आलं. शाळेचा रस्ता पहिल्या दिवशीच गेला. माणसं पळाली ती दर्ग्याच्या टेकावर. तिथं काहीच केलेलं नव्हतं. दोन दिवस लहान पोरं, बाळंतिणी, म्हातारी माणसं भर पावसात उघड्यावर बसून होती. बोटी येऊन घेऊन गेल्या म्हणून जीव वाचले. काकींच्या सासूबाईंना तिथं ताप भरला तो पुढं महिनाभर उतरला नाही. गुरं बरीच गेली.

पाणी ओसरल्यावर दुसऱ्या फेरीच्या मोजणीला आम्ही परत त्या गावात गेलो. काकी घरातला चिखल खोऱ्यानं बाहेर ओढत होत्या. मला बघून थांबल्या.

"तुमी त्या दिशी लिवत हुता न्हवं, मी बोलत हुते तवा?"

"हो काकी."

"काय लिवलं?"

शबाना माझ्याकडं बघत होती. खोटं बोलायचं धाडस झालं नाही. मी जुना फॉर्म काढून दिला. काकींनी ओला हात पदराला पुसला आणि बोट लावून वाचलं.

"दोन मिन्टं," त्या म्हणाल्या. आणि फॉर्म परत माझ्या हातात देऊन खोरं उचललं.

*

आमच्यात नियम होता, स्वतःच्या गावाची मोजणी स्वतः करायची नाही. माझं गाव मिरजेच्या पुढं आहे, रोज मी तिथनंच गाडीवर ये-जा करतो. तिथं शबाना गेली.

परत आल्यावर फॉर्मचा गठ्ठा तिनं आपल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सर, तुमच्या गावचे मी एन्ट्री करते. तुम्ही नका बघू."

असं म्हटल्यावर कोण बघायचं राहील? ती जेवायला गेल्यावर मी गठ्ठा उघडला. गावच्या पाणीपुरवठा समितीच्या सदस्यांचे फॉर्म होते. तिसरा फॉर्म अनिताचा, माझ्या बायकोचा. ती समितीत आहे हे मला माहीत होतं. केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे ती. गावात नळाचं पाणी तपासायला पाच बायकांना ट्रेनिंग दिलं, त्यांत तीच पुढं असते. मागं अर्ध्या गल्लीला जुलाब सुरू झाले तेव्हा टाकीतच घाण आहे हे हिनंच शोधून काढलं होतं. समितीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ. टाकी धुवायची आठवण त्याला अनिता करून द्यायची.

फॉर्मवर प्रश्न होता, 'आपण एखादे पद नाकारले आहे का?'

'होय. अध्यक्षपदासाठी सर्वांनी नाव सुचवले होते.'

'नाकारण्याचे कारण?'

शबानाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरून होकार आला नाही.'

मी दोनदा वाचलं. मग मला राग आला. अख्ख्या जिल्ह्याला मी हे शिकवत फिरतो आणि माझ्या घरात नकार कोण देणार? आई गेल्याला किती वर्षं झाली, वडील तर सुनेचं नाव चारचौघांत अभिमानानं घेणारे. शबानाला खोटं कशाला सांगायचं? संध्याकाळी त्याच रागात घरी पोचलो.

अनिता अंगणात नळाशी बसली होती. समोर तपासणीची पेटी, हातात पाण्यानं भरलेली काचेची नळी. ती त्यात औषधाचे थेंब मोजून टाकत होती. मी गाडी लावली आणि हेल्मेटसुद्धा न काढता विचारलं, "तुला अध्यक्ष व्हा म्हणत होते?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस. घरून होकार नाही म्हणून."

तिनं थेंब मोजायचे थांबवले नाहीत. पाच, सहा.

"अगं, मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं होतं की."

"कधी?"

"गणपतीच्या आधी. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. तुम्ही पलंगावर सगळे कागद पसरून बसला होता. मी दोनदा आले. दुसऱ्यांदा म्हणाले, अहो, मला अध्यक्ष व्हा म्हणतायत, काय सांगू त्यांना उद्या?"

मला काही आठवेना. खरंच आठवेना. "मग मी काय म्हणालो?"

अनितानं नळी उजेडात धरली आणि पाण्याला रंग चढतो का ते बघत राहिली.

"म्हणालात, 'थांब जरा, महिला सहभागाचं चाललंय.'"