ताईचं खोबरेल आणि जपानचं गरम पाणी

ताई ब्रॅम्पटनहून कॅनडाच्या या टोकाला, आमच्याकडे कोक्विटलामला राहायला आली की एकाच गोष्टीवरून माझं डोकं फिरायचं. वॉशरूमचं दार. ऑपरेशनपासून तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वेणी मी घालायची, स्वेटर मी चढवायचा, पण आंघोळीला गेली की आतून लॉक. एका बाजूची छाती काढून टाकलेली, ती जागा तिने कुणालाच दाखवली नव्हती. मला, सख्ख्या धाकट्या बहिणीलाही नाही. आत काही पडल्याचा आवाज झाला की मी दार बडवायचे आणि ती आतून ओरडायची, "मेले नाहीये अजून!"

नागपूरला आम्ही दोघी एकाच मोरीत आंघोळ केलेल्या. माझं डोकं खसाखसा चोळून मला रडवायची तीच. मग आता माझ्यापासून कसला आडपडदा? मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा.

अशात माझ्या मुलीने स्कीइंगसाठी जपान ठरवलं. इथल्या डोंगरापेक्षा तिथे स्वस्त पडतं म्हणे. ती स्की करणार, आणि आम्ही दोघींनी गरम पाण्याच्या कुंडात बसायचं. हाताला शेक मिळेल म्हणून ताई चक्क हो म्हणाली. मॉलमध्ये जाऊन गळ्यापर्यंत बंद, आतून पॅड लावलेला स्विमसूटही घेऊन आली. आमच्याकडे ब्रिटिश कोलंबियात गरम पाण्याच्या कुंडांवर सगळे स्विमसूट घालूनच बसतात, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिथे पोचलो आणि मुलगी म्हणाली, "मावशी, नो स्विमसूट्स हिअर. इट्स ओके, नोबडी लुक्स."

कुंड फक्त बायकांचं असलं, तरी ताईचा चेहरा उतरला. खासगी वापराचं एक छोटं कुंड होतं, ते आमच्या मुक्कामात आधीच बुक झालेलं. "तू जा गं," ती म्हणाली, "मी खिडकीतून बर्फ बघते." दुसऱ्या दिवशीही तेच.

"बर्फ काय ब्रॅम्पटनला कमी पडतो?" मी भडकलेच. "ड्राइव्हवे शोव्हल करून करून कंबर मोडते, आणि इतक्या लांब येऊन तू बर्फ बघणार?" बोलता बोलता माझेच डोळे भरून आले.

"आता रडू नकोस बाई," ताई उठली. "चल. पण भरदुपारी, गर्दी नसेल तेव्हा."

आणि उठली ती थेट बॅगेकडे गेली. खोबरेल तेलाची बाटली काढली. थंडीने थिजलेली, ती हीटरवर धरून पातळ केली. गरम पाण्यात बसायचं तर आधी अंगाला तेल नको? दोघींच्याही मनात दुसरा विचार आला नाही. पाठ मी चोळली, पुढचं तिने माझ्याकडे पाठ करून स्वतः लावलं.

कुंडाच्या आधी अंग धुवायची जागा. बुटकी स्टुलं, छोट्या बादल्या.

"अगंबाई, ही तर आपली मोरी!" टॉवेल छातीशी घट्ट धरून ताई हसली.

आम्ही भसाभस पाणी ओतून घेतलं आणि निघालो. दाराशी एक जपानी आजीबाई भेटल्या. त्यांनी आमचे चकाकणारे खांदे बघितले, वास घेतला, आणि हसून, कमरेत वाकून, परत स्टुलांकडे हात केला. बोटावर बोट घासून दाखवलं. तेल! सगळ्यांच्या पाण्यावर तवंग आला असता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीबाईंनी साबणाची बाटली आमच्यापुढे सरकवली आणि आपल्या वाटेने गेल्या.

पुन्हा बसलो. खोबरेल ते, असं थोडंच निघतंय! ताईचा एक हात धड चालेना, दुसऱ्याने टॉवेल धरलेला. मी मागे बसून तिची पाठ घासत राहिले. मग तिने टॉवेल बादलीवर ठेवला आणि माझ्याकडे वळून बसली.

"इथे पण राहिलंय," ती म्हणाली.

आडवी, गुलाबी, गुळगुळीत रेघ. मी साबण लावला. जेमतेम बोटं टेकवून.

"नीट घास की," ताई खेकसली. "काचेची आहे का मी?"

मग मात्र दोघीही रडलो, फेसाने भरलेल्या अंगाने, त्या परक्या बायकांत. कुणी वळूनही बघितलं नाही.

नंतर बाहेरच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलो. डोक्यावर बर्फ भुरभुरत होता. दुसऱ्या दिवशी मुलगी आम्हाला गरम पाण्यात बसणारी माकडं दाखवायला नेणार होती. "आपण बसलोय की," ताई म्हणाली. "आणखी वेगळी कशाला बघायची?"

परवा ताई पुन्हा कोक्विटलामला आली. सकाळी मी पोहे भिजवत होते, तेवढ्यात वॉशरूममधून हाक आली, "ए, तेलाची बाटली घेऊन ये गं!"

मी सवयीने दार वाजवलं.

"वाजवतेस काय?" ती म्हणाली. "उघडंच आहे."