पथकाचा पाचवा माणूस

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा त्याचा चहा मी झाकून ठेवलेला होता. निवृत्तीनंतरही माझा हा धाकटा भाऊ रोज चार वाजता येई, पडवीतली वेताची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवून बसे आणि विचारी, "ताई, काय म्हणतंय गाव?" त्या दिवशी सव्वाचार झाले, साडेचार झाले... आणि मग भाच्याचा फोन आला.

मुलांनो, बापूआजोबांवर आजीने लिहावं असं तुम्ही तिकडून कळवलंत. मी लगेच दीड पान नीटनेटकं लिहिलं होतं. ते फाडलं. हे दुसरं पेपरात देते आहे, कारण बंदरावरच्या मिरकरवाड्यातही ते वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे.

बापू इन्स्पेक्टर झाल्यावर गुन्हे शोधणारं वेगळं पथक उभं करायचं काम त्याच्याकडे आलं. साध्या कपड्यांतले चार शिपाई आणि ठाण्यामागची गळकी खोली, एवढंच हाती होतं. गाडी नाही, कॅमेरे नाहीत, खबऱ्यांना द्यायला पैसे नाहीत. एक कंपनी अशा कामाला निधी देते असं त्याला कळलं. अर्ज इंग्रजीत हवा होता आणि मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. आठ दिवस आम्ही दोघं पडवीत तो अर्ज लिहीत होतो. मी परिच्छेदांना क्रमांक घातले, मोठी वाक्यं तोडली. माहिती कशी मिळवणार, या कलमापुढे त्याने सांगितलं, "स्थानिक ओळखीतून, विनाखर्च."

"फुकट माहिती कोण देतं रे तुला?"

"आपल्या गावात चहा पुढे केला की माणसं बोलतात, ताई. तू टाइप कर."

मी टाइप केलं. तो बोलत होता तेव्हा त्याच्या हातात माझाच चहा होता.

मिरकरवाड्याची सुलभा आमच्याकडे वर्षानुवर्षं मासे घेऊन येई. तिचे बँकेचे फॉर्म मी भरायची. तिचा दीपक बोटीवर नोकरीला लागणार होता, त्याचा पासपोर्टचा अर्जही मीच भरलेला. त्याच सुमारास बंदरातल्या होड्यांची इंजिनं चोरीला जात होती आणि दीपक एका संशयिताबरोबर कुणाला तरी दिसला. पोरगा घाबरून बुरोंडीला मावशीकडे जाऊन राहिला. सुलभा मला म्हणाली, "दोन दिवस येणार नाय हां बाई. बुरोंडीस जात्ये, दीपकला कपडे द्यायचेत." चार वाजता बापूने नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "आज मासळी नाही रे. सुलभा बुरोंडीला गेलीय, दीपककडे." त्याने बशी खाली ठेवली, तुमच्या आजोबांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी दीपकला पकडलं. पेपरात पथकाचा फोटो आला, पाठोपाठ निधी मंजूर झाला. नव्या गाडीला हार मी घातला. दीपकचा चोरीशी काही संबंध नाही हे काही महिन्यांनी सिद्ध झालं. ते कुठे छापून आलं नाही. तोवर त्याच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी अडकली आणि बोटीवरची नोकरी गेली ती गेलीच. आज तो धक्क्यावर बर्फ फोडतो. सुलभा पुन्हा आमच्या दारात आली नाही. "लाज वाटत असेल तिला," बापू म्हणायचा... आणि मी ते खरं मानलं.

बाराव्याला त्याच्या पथकातले एक निवृत्त हवालदार आले होते. डोळे पुसत म्हणाले, "बाई, साहेब म्हणायचे, आपण चार नाही, पाच आहोत. पाचवा माणूस पगार घेत नाही, वर चहा पाजतो!"

"कोण हो तो?"

"थट्टा करता काय! बुरोंडीची टीप तुमचीच ना?"

ते माझं कौतुकच करत होते. मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. तुमच्या आजोबांच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात बसणारा भाऊ हाच. तो माझ्यावर माया करत नव्हता असं मी म्हणणार नाही. पण मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे ओळखूनच त्याने विचारलं नाही. आता मी मनाशी घोळवत बसते... त्या सगळ्या चहांपैकी भावाने किती घेतले आणि पोलिसाने किती?

गेल्या आठवड्यात मी सुलभाकडे गेले. ती दारात कोळंबी सोलत होती. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं गं."

"बुरोंडीचं मी तुमच्याशिवाय कोणाजवळ बोलल्येच नव्हते, बाई," ती म्हणाली. मग पुढची कोळंबी उचलून, मान वर न करता, "गाडीला हार घालतानाचा तुमचा फोटो बघितलाय मी."

म्हणजे इतकी वर्षं लाज तिला वाटत नव्हती. मी जाणूनबुजून तिचा मुलगा पकडून दिला, असं ती समजत होती. अजूनही समजत असेल. तिने मला बसायला सांगितलं नाही आणि मीही थांबले नाही.

वेताची खुर्ची पडवीतच आहे. मी ती रस्त्याकडे वळवली आहे. पण दर रविवारी तुम्ही फोन करता आणि अगदी त्याच्या सुरात विचारता, "आजी, काय म्हणतंय गाव?" त्यानेच शिकवलंय तुम्हाला ते. मी म्हणते, उकडतंय. फणसाला यंदा फळ कमी आहे. मांजर व्यायली... कोण कुठे गेलंय, ते मात्र आता मी सांगत नाही.