गाडी वारंवार तापत असल्याबाबत

नोकरीला लागून वर्ष झालं तेव्हा मी मोटारसायकल घेतली. स्कूटी घे, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ऑफिसातल्या मुली स्कूटीच चालवत. पण मला लहानपणापासून मोटारसायकलच हवी होती, आणि लोणी काळभोरच्या एका कॉलेजातला मुलगा आपली विकतोय असं कळल्यावर मी मैत्रिणीला घेऊन ती बघायला गेले.

मूळची ती साधी, शंभर सीसीची गाडी. दूधवाले वापरतात तसली. पण त्या मुलानं तिचं पार रूप पालटलं होतं. टाकीला नारिंगी रंग आणि त्यावर ज्वाळा. हँडल इतकं खाली की चालवणारा नमस्कार घालतोय असं वाटावं. पाय ठेवायचे खुंट मूळ जागेवरून काढून मागे आणि वर नेलेले, ब्रेकचा पेडल त्यांच्या मागोमाग वेल्डिंग करून सरकवलेला. सिलिंडर बोअर करून आत मोठा पिस्टन, एअर फिल्टरचा डबा जाऊन तिथं उघडा फिल्टर, आणि सायलेन्सर असा की गाडी वळणावर यायच्या आधी तिचा आवाज येई. मुलाला परगावी पुढच्या शिक्षणाला जायचं होतं. किल्ली देताना त्याचे डोळे भरून आले. ते बघून माझी खात्री पटली की गाडी चांगली असणार.

मी तेव्हा गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागे, एका मैत्रिणीबरोबर दोन खोल्यांत राहायचे. ऑफिस हिंजवडीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हिंजवडीत त्या काळी रोज नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि रस्ता मात्र बैलगाडीच्या मापाचाच होता. पहिल्याच सोमवारी वाकडच्या पुलाखाली गाडीनं मान टाकली. आधी जळकट वास आला, मग पिळूनही जोर लागेना, मग इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. सिलिंडरवर हात धरवत नव्हता. मी गाडी कडेला घेऊन दगडावर बसले. पंधरा मिनिटांनी किक मारली तर ती सुरू झाली.

मंगळवारी तेच झालं. बुधवारीही. गुरुवारपासून मी त्या दगडावर बसायला वर्तमानपत्र न्यायला लागले. कंपनीची बस शेजारून रांगत जायची आणि आतून माझ्या टीममधली मंडळी हात हलवायची. एकानं तर त्या जागेला माझं वाकड ऑफिस असं नाव पाडलं.

घराजवळ एक मेकॅनिक होते, साठीच्या आसपासचे, पक्के पुणेकर. त्यांच्या गॅरेजात मार्केट यार्डाचे टेम्पो आणि हमालांच्या लुना यायच्या. त्यांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, ज्वाळा पाहिल्या आणि विचारलं, "ही आपण चालवायला घेतलीय की स्वयंपाकाला?"

मी म्हटलं, चालवायला. ते म्हणाले, असं दिसत नाही. मग त्यांनी प्लग काढून दाखवला. त्याचं टोक पांढरंफटक पडलं होतं. उघड्या फिल्टरमधून हवा भरमसाट आत येते, त्या मानानं पेट्रोल कमी पडतं, म्हणून इंजिन भाजतं, असं त्यांनी समजावलं. फिल्टरचा मूळ डबा परत बसवला, कार्बोरेटरमधला जेट मोठा घातला, ऑइल बदललं, सिलिंडरच्या पंखांमध्ये अडकलेला चिखल तारेनं कोरून काढला. नंतर प्लग बघितला तर विटकरी, हवा तसा. त्यांनी गॅरेजभोवती चार चकरा मारल्या. गाडी गार.

मी आनंदानं ऑफिसला निघाले. वाकडच्या पुलाखाली गाडी बंद पडली.

माझं कामच मुळी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं, हे मी नव्या मुलांना शिकवत असे. गाडीच्या बाबतीत मात्र मी रोज सात गोष्टी बदलत होते. पेट्रोलपंप बदलला. रस्ता बदलला. मैत्रिणीच्या सांगण्यावरून टाकीवरच्या ज्वाळासुद्धा खरवडून काढल्या.

अशात नागपूरहून बाबा आले. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना दोन महिने झाले होते आणि आईनं त्यांना घरात आणखी सहन करायला नकार दिला होता. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या नळाची गळती थांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धवंदना आटोपली, चहा घेतला, एक कोरी फाइल काढली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं : विषय, गाडी वारंवार तापत असल्याबाबत.

मग त्यांनी माझा जबाब घेतला. कुठं तापते, किती वाजता, तेव्हा वेग काय असतो. वेग नसतोच, असं मी सांगितलं तर तेही लिहून घेतलं. रविवारी ते स्वतः गाडी घेऊन मार्केट यार्डात भाजीला गेले आणि कोबीचे चार गड्डे घेऊन आले. गाडी तापली नव्हती. सोमवारी मी बसनं गेले आणि ते आधीच्या मालकाची चौकशी करायला थेट लोणी काळभोरला जाऊन आले. मुलगा भेटला नाही, त्याच्या आजोबांनी त्यांना जेवू घातलं. येताना हडपसरला तासभर गर्दीत अडकले. तरी गाडी तापली नाही.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते फाइल समोर ठेवून गंभीर होऊन बसले होते. म्हणाले, "बेटा, राग मानू नको. गाडी तू बसते तेव्हाच तापून राहिली."

मी राग मानला. गाडी माणूस ओळखत नाही, मी रोज दीड तास चालवते, तुम्ही एकदा लोणीला जाऊन आलात, असं बरंच काही बोलले. आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही तोंडातून गेलं. भाऊ सोळा वर्षांचा झाला तेव्हा त्याला घेऊन तुम्ही रोज सकाळी मैदानावर जात होता. मी विचारलं तर म्हणालात, तुला काय करायची मोटारसायकल. मी हॉस्टेलवर मैत्रिणीच्या भावाच्या गाडीवर शिकले. आता मला येत नाही म्हणता.

बाबांनी फाइल मिटली आणि कोबी चिरायला घेतला.

सकाळी मात्र ते माझ्या आधी खाली जाऊन उभे होते. रात्रभर विचार करून त्यांनी गाडीत एक नियमबाह्य गोष्ट शोधली होती. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागायला पाहिजे, तो लागत नव्हता. शौकीन मुलानं मागचं मडगार्ड कापताना दिव्याची वायरच कापून टाकली होती. मी म्हटलं, त्याचा इंजिनाशी काय संबंध. ते म्हणाले, संबंध नसला तरी दुरुस्त झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. नागपुरात असंच बोलून त्यांनी तीस वर्षं लोकांचे कागद परत पाठवले होते, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मेकॅनिकनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वायर जोडता जोडता बाबांना म्हणाले, "दिवा लावून इंजिन गार झालं, तर मी उद्यापासून गॅरेज बंद करून दिवेच विकीन." बाबांनी त्यांना नम्रपणे विचारलं की दिव्याचं प्रमाणपत्र मिळेल का. दोघांचं तिथून पुढे फार जमलं.

दुसऱ्या दिवशी औंधच्या पुढे नेहमीसारखी कोंडी होती. आमच्या कंपनीची बस माझ्या मागे होती. वाकडजवळ तिला बाजूला जागा मिळाली आणि ती माझ्या बरोबरीला आली. ड्रायव्हर मुळशीकडचे होते. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"म्याडम, औंधापास्नं तुमच्या मागं हाय. लाल दिवा एकदाबी इझला न्हाई. दिवा बिघडलाय, का पाय ब्रेकवर हाय?"

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर होता. दाबलेला नव्हता, नुसता विसावला होता. खुंट इतके मागे आणि वर होते की पाय ठेवला की बोटं आपसूक पेडलवर यायची. म्हणजे मी इतके दिवस मागचं चाक धरून ठेवून इंजिनाला ओढायला लावत होते. आणि बाबांचा गुडघा तेवढा मुडपत नसल्यामुळे ते उजवा पाय बाहेर काढून, नुसती टाच टेकवून बसत.

मी पाय उचलला. गाडी एवढी झटक्यात पुढे गेली की समोरच्या रिक्षावर आदळता आदळता वाचले. पुलाखालून गेले, दगड मागे पडला, आणि ऑफिसच्या फाटकात पोचले तेव्हा सिलिंडरजवळ हात नेला. गरम होतं, पण गाडी चालल्यावर असावं तेवढंच.

संध्याकाळी बाबांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. जिना चढताना मी वाक्य जुळवत होते. बाबांनी सगळं ऐकलं, फाइलीत दोन ओळी लिहिल्या आणि पेन खिशाला लावलं. वाटलं, आता म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "पाय कुठं ठेवायचा हे पहिल्या दिवशी शिकवाचं असते. ते माझं काम होतं."

शनिवारी मार्केट यार्डाला सुट्टी असते. तोवर मेकॅनिकनी खुंट आणि पेडल मूळ जागी आणून बसवले होते आणि इंजिन तपासलं, पण चालवणारीचा पाय तपासायचा राहिला, अशी कबुलीही दिली होती. सकाळी बाबा मला रिकाम्या गाळ्यांमधल्या रस्त्यावर घेऊन गेले आणि रोज चाळीस किलोमीटर गाडी चालवणाऱ्या मला त्यांनी गाडी शिकवली. दोन फुटक्या टोपल्या ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायला लावला. पाय. खांदे. लांब बघ, चाकाकडे नको बघू. पथारीवर पहुडलेले चार हमाल उठून बसले आणि माझं चुकलं की बाबांच्या आधी तेच सांगायला लागले. कोबीच्या सडक्या पानावरून मी एकदा घसरले, तेव्हा उचलायलाही तेच धावले.

तासाभरानं बाबांना माझं चालवणं मान्य झालं. त्यांनी रुमालानं मागची सीट पुसली आणि बसले. ते याआधी कधी माझ्या मागे बसले नव्हते. कुठं जायचं, विचारलं तर म्हणाले, लोणीच्या त्या आजोबांना सांगून येऊ, गाडी ठीक आहे म्हणून. काळजी करत होते बिचारे.

हडपसर सुटेपर्यंत त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर घट्ट होते. पुढे सोलापूर रस्ता मोकळा लागला, दोन्ही बाजूंना ऊस आला, तेव्हा एक हात निघाला. आणखी थोड्या वेळानं दुसराही. मी आरशात बघितलं तर ते हाताची घडी घालून उसाकडे बघत होते.

मग कानाशी वाकून म्हणाले, "अशी काय चालवून राहिली? जरा जोरात घे."