“नवा भात खायले बोलावसान ना?”

डॉ. वामनराव तिघरे सरांची आणि माझी पहिली गाठ भंडाऱ्यात, दवाखान्याच्या वॉर्डात पडली. खरं सांगायचं तर त्या भेटीत माझा पुरता फजितवाडा झाला. मी नवी पॅथॉलॉजिस्ट. वरठीच्या एका वयस्क गृहस्थांच्या रक्तात ट्रोपोनिन भरमसाट वाढलेलं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं हे द्रव्य. मी रिपोर्ट घेऊन धावतच वॉर्डात गेले आणि म्हणाले, “सर, आकडा फार मोठा आला!”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “डॉक्टर बाई, सट्टा लागला का तुम्हाले? हळू बोला. ज्याचा आकडा आहे तो ऐकून राहिला.”

आमच्याकडे आकडा म्हटलं की माणसाला आधी सट्टाच आठवतो. सगळा वॉर्ड हसला, खाटेवरचे आजोबासुद्धा. मी मात्र कितीतरी दिवस सरांवर फुरंगटून होते.

पुढे त्यांच्याच हाताखाली शिकले. म्हाताऱ्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला की पुढे त्याचं काय होईल, हे रक्तावरून किती सांगता येतं, हा सरांचा आयुष्यभराचा ध्यास. एकट्या ट्रोपोनिनवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. वय झालं की मूत्रपिंड थकलेलं असतं, त्यानंही ते वाढतं. म्हणून क्रिएटिनिन पाहा, हिमोग्लोबिन पाहा, अंगात प्रथिनं किती उरली आहेत ते पाहा, हृदयावर ताण आला की वाढणारं बीएनपी पाहा. एवढं सगळं पाहून झालं की सर खाटेच्या कडेला बसत आणि रोग्याला विचारत, “मंग, नवा भात खायले बोलावसान ना?”

मला आधी वाटलं, सरांना जेवणाची भारी हौस! पण त्या प्रश्नात वर्षभराचा हिशेब होता. धान घरात आलं की पहिला भात रांधून चार माणसांना बोलवायचं, ही आपल्या भागातली रीत. बोलावणारा माणूस तोवर जगायचं मनात धरून असतो. जो “या ना, डॉक्टर” म्हणे त्याची सरांना चिंता कमी. जो तोंड फिरवी, त्याचं रक्त ते दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायला लावत.

आसगावच्या सुभद्राबाईंचं असंच झालं. ट्रोपोनिन जेमतेम वाढलेलं, म्हणून त्यांना घरी सोडायचं ठरत होतं. सरांनी नेहमीचा प्रश्न केला. सुभद्राबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, “माह्या घरी आता कोन रांधते, बाप्पा!” सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बुढी मले बोलावून नाही राहिली. काहून? ठेवून घेऊ हिले.” सकाळच्या रक्तात बीएनपी चढलं होतं, दुपारी छातीत पाणी भरू लागलं. दवाखान्यातच होत्या म्हणून वाचल्या. पुढच्या हंगामात त्यांनी वासाच्या चिन्नोर तांदळाचा भात आमच्यापुढे वाढला आणि सरांना दटावलं, “आधी खाऊन पाह्य, मंग आकडा सांग!”

धान निघालं की सर मला स्कूटरवर मागे बसवून गावोगाव नेत. वर्षभरानं रोगी कसा आहे, याची आमची पाहणी ती हीच. ज्यांच्या घरी आमचा रोगी उरलेला नसे, तिथेही सर जात. घरच्यांनी दिलेला घोटभर चहा घेत, फोटोसमोर जरा वेळ बसत आणि उठत. मोठमोठे डॉक्टर पाहिले मी. रोगी गेल्यावर त्याच्या घरी जाणारे हे एकटेच.

माझ्या वडिलांना झटका आला तेव्हा आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये होतो. सरांनी त्यांनाही विचारलं. बाबा म्हणाले, “साहेब, आमची जमीन कुठं? दुकानातला तांदूळ चालन का?” सर म्हणाले, “चालन म्हणजे काय, पळन!” बाबांनी बोलावलं आणि सर आले. आईनं केलेलं वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं.

मागच्या हिवाळ्यात सर स्वतःच त्या खाटेवर होते. रक्त मीच काढलं, मीच तपासलं. आकडा सांगायला माझी जीभ रेटेना. मी कडेला बसले आणि विचारलं, “सर, नवा भात खायले बोलावसान ना?”

सर हसले. “मलेच विचारून राहिली का पोरी? माह्याकडे कायची जमीन अन् कायचा भात!”

“माझ्या बाबांकडे तरी कुठं होती?” मी म्हटलं.

सरांनी भिंतीकडे पाहिलं. ते तोंड फिरवणं मी शेकडो खाटांवर पाहिलेलं होतं. पुढे प्रकृती सावरली, पण लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. तेव्हापासून वॉर्डात पाऊल टाकलं की माझी नजर आधी खाटांच्या कडेला जाते. फोनवर सर ट्रोपोनिनबद्दल तास तास बोलत. परत येण्याचा विषय काढला की म्हणत, “पाहू.” फार राग यायचा मला त्या ‘पाहू’चा.

हे सगळं सुभद्राबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, “जमीन नाही म्हंते का? मंग माह्यी तलावाखालची बांधी त्याइची. सांग त्याइले.” त्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, यंदा त्यांनी सरांच्या नावानं चिन्नोर लावलं. गेल्या आठवड्यात मी बांधावर उभी राहून सरांना फोन केला. म्हटलं, “सर, तुमचं धान पिवळं झालं. आता तरी जमीन नाही म्हणू नका.”

सर म्हणाले, “सुभद्राबाईले सांग, नवा भात माह्याकडे. सगळ्याइनं येजा. वाढीन मी.”

मी तिथेच धुऱ्यावर बसून रडले. कापणाऱ्या बाया म्हणाल्या, “काय झालं वं, डॉक्टरीन बाई?” “सरांनी बोलावलं,” मी म्हटलं.

सर, तुम्ही पंचाहत्तर वर्षांचे होत आहात. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, हे तर सगळेच लिहितील. माझं मागणं एवढंच आहे, की दर साली धान घरी यावं आणि दर साली तुम्ही आम्हाला बोलवावं. यंदाचं बोलावणं आम्ही धरून ठेवलंय. धान कापून झालंय, पाट मांडलेत. वाढायला या.