भिंती नसलेल्या घराची घरपट्टी

आमच्या पेठेच्या कारकुनाची नुसती आठवण झाली तरी आजही माझं डोकं फिरतं.

आम्ही रंगारी. नारायण पेठेत आमची एक खोली, आणि तिच्यामागं लांबलचक मोकळी जागा. तिथं वडील रंगवलेली पागोटी वाळवायचे. ओलं पागोटं चाळीस चाळीस हात लांब, ते काय खोलीत वाळतं? ती जागा होती म्हणून आमची चूल पेटत होती.

एका फाल्गुनात दवंडी पिटली. पेठेत मोकळी दिसेल ती जागा घर बांधणाऱ्याला द्यायची! वडिलांनी हायच खाल्ली. आई म्हणाली, "अहो, मधोमध तुळस लावू या. तुळस उपटून घर बांधायला कोण मेला धजावतोय?" तिघांनी मिळून विटा रचल्या, वृंदावन उभं केलं. मी शेणानं सारवलं.

मग कारकून पाहणीला आला. जोडे काढून तुळशीला हात जोडले आणि म्हणाला, "तुळस आहे म्हणजे अंगण आहे. अंगण आहे म्हणजे घर आलंच. घरपट्टी भरा."

"अहो, पण इथं घर कुठाय? पुढच्या खोलीची पट्टी तर आम्ही भरतोच," वडील म्हणाले.

"ते आपणच शोधा. तुळशीला खोटं पाडायचं पाप आम्ही करत नाही."

वडिलांनी गयावया केली, पट्टी भरतो म्हणाले, जागा तेवढी राहू द्या. "राहिली की!" कारकून म्हणाला. "फक्त राहत्या घराच्या अंगणात रंगाचा धंदा चालायचा नाही. कापडं पेठेबाहेर वाळवा." आणि हे सांगणाऱ्याच्या डोक्यावरचं पागोटं आमच्याच दोरीवर वाळलेलं! लाज म्हणून नव्हती मेल्याला.

नदीकाठी वाळवून पाहिलं. ओल्या रंगाला वाळू चिकटायची, गिऱ्हाईक पागोटं तोंडावर फेकायचं. वृंदावन काढावं, तर जागा पुन्हा मोकळी, दुसऱ्याच्या घशात. वर्षभरात वडील पेठेबाहेरच्या एका रंगाऱ्याकडे मजुरीला लागले. स्वतःची जागा असून दुसऱ्याच्या दोरीवर दुसऱ्याची कापडं टाकत होते. संताप संताप व्हायचा माझा.

आईला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण तिनं त्या तुळशीला पुन्हा कधी हात जोडले नाहीत. पाणी मात्र मरेपर्यंत रोज घातलं. तुळस मेली तर जागा जाईल, एवढ्याचसाठी.