घरटी अठरा मेंढ्या

रावसाहेबांनी हातातल्या रुळानं माझे चिंचोके टेबलावरून खाली लोटले.

"उचल. मेंढरं राखणाऱ्याच्या पोरानं मला गणित शिकवायचं? घोंगडीत जन्मलं होय रे गणित?"

सोलापूरच्या त्या कचेरीत मी कारकून होतो. ते माझे वरिष्ठ, पुण्याला गणित शिकलेले. बाकीचे कारकून हसले. मी गुडघ्यावर बसून चिंचोके वेचले. पाच होते. तीन काळे, दोन घासून पांढरे केलेले.

बाब अशी. केमजवळच्या आमच्या वस्तीचं कुरण सरकारला बंद करायचं होतं. वस्ती वीस घरांची. बदल्यात घरटी तीन मेंढ्या. चराई सोडल्याच्या कागदावर घरटी एक अंगठा. रावसाहेबांचा तक्ता म्हणे, वर्षाला पाचांतल्या दोन मेंढ्या मरतील, तीन जगतील आणि एकेक मादी कोकरू देतील. पाचांच्या सहा. दहा वर्षांत घरटी अठरा.

तक्ता माझ्याच हातचा. गुणाकार मीच केले, दोनदा तपासले. अक्षराचं कौतुक झालं तेव्हा सुखावलोही. हे लपवत नाही.

पण आमच्यात तीन मेंढ्या घेऊन कोणी एकटा चारायला निघत नाही. ज्याची थोडी, तो दुसऱ्याच्या खांडात, म्हणजे कळपात, मिसळतो. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. आता चिंचोक्यांना विचारलं. पाचही पिशवीत टाकायचे. प्रत्येक मेंढीमागे एक न बघता काढायचा, पुन्हा आत टाकायचा. पांढरा आला, मेंढी मेली. काळा आला, ती जगली आणि एक कोकरू वाढलं. अशी दहा वर्षं. अशी वीस घरं. चार रविवार गेले.

एकूण बेरीज तक्त्याच्या जवळ आली. काही घरांत चाळिसाच्या वर मेंढ्या. पाच घरांत एकही नाही. हेच सांगायला गेलो होतो.

"उद्या वस्तीवर तक्ता तूच वाचायचा," रावसाहेब म्हणाले. "तुमच्या बोलीत. तुझं ऐकतील."

वाचला. शाईची गादी उघडून ठेवलेली. पहिला अंगठा माझ्या वडिलांचा, आप्पांचा, उठायचा होता.

"अठरा म्हनं," आप्पा म्हणाले. "आपल्या दारात किती आसतील, त्ये सांग की."

"त्ये सांगता येत न्हाय, आप्पा."

"मग तुजा सायेब कसं काय सांगतुया?"

वस्ती हसली. रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. "पुढचं वाच!"

मी तक्ता खाली ठेवला. खिशातून चिंचोके काढले. म्हणालो, "इसातली पाच घरं रिकामी व्हत्याली. कुटली, त्ये मला ठावं न्हाय. सायबालाबी न्हाय."

"नोकरी जाईल," रावसाहेब माझ्या कानाशी बोलले.

"जाऊ द्या."

आप्पांनी अंगठा मुठीत घेतला. मग एकेक मूठ मिटत गेली.

नोकरी गेली. कुरणाचं भांडण अजून मिटलेलं नाही. आता वस्तीचे अर्ज मी लिहितो. त्यांत एवढंच: कुरण सोडणार नाही. मेंढ्या द्यायच्याच असतील तर साठांचं एकच खांड द्या, मरतुक सगळ्यांत वाटली जाईल.

ते पाच चिंचोके खिशात असतात. कोणी सरासरी वाचायला आला की मी एकच विचारतो, "शून्याची घरं किती?"

उत्तर मिळेपर्यंत इथं एकही अंगठा उठणार नाही.